सरावलेला प्रेक्षक का घाबरतो?



वसंत व्याख्यानमालेत बोलावयाचे म्हणजे संतवाङ्मय, इतिहास, शेती, सहकार असा काही भरदार विषय असावा, अशी आपल्याकडे रूढी आहे आणि ती चांगली आहे. मी मात्र आज भुतांच्या चित्रपटांविषयी बोलणार आहे. पत्रकावर हा विषय वाचून कोणाच्या कपाळाला आठी पडली असेल, तर त्यांनी ती पाऊण तास तशीच ठेवावी आणि शेवटी हवी तर काढावी. माझ्या बाजूने एवढेच सांगतो की, राजशेखराने आपल्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचे लग्न विदर्भातल्या ज्या वत्सगुल्म नगरात लावून दिले, ते वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम. साहित्याचे लग्न ज्या मांडवात लागले, तिथे सगळ्याच रसांना आमंत्रण असणार. भरतमुनींनी जे आठ रस सांगितले, त्यांत भयानकही आहे. शृंगार आणि वीर पुढच्या पंगतीला बसतात, हा बिचारा काळ्या रंगाचा पाहुणा दाराशी उभा असतो. आज त्याला आत घेऊ.

माझा प्रश्न साधा आहे. ज्याने आयुष्यात दहा-बारा भुतांचे चित्रपट पाहिले, तो घाबरतो, यात नवल नाही. पण शेकडो भयपट पचविलेले काही दर्दी असतात. दार करकरले की ‘आता मांजर उडी मारणार’ असे शेजाऱ्याला आधीच सांगून ते त्याची मजा घालवतात. अशा दर्दीला एखादाच चित्रपट असा काही लागतो, की तो घरी येऊन न्हाणीघराचा दिवा मालवीत नाही. हे का होते? इतक्या सरावानंतर असे काय उरते, की जे त्याच्यापर्यंत पोहोचते?

प्रथम एक भेद करून घेऊ. दचकणे वेगळे आणि भिणे वेगळे. पाठीमागे पत्र्याचा डबा पडला की तान्हे मूलही दचकते. त्यात मनाचा संबंध थोडा, शरीराचा फार. पापणी मिटते, खांदे वर येतात, छाती धडधडते आणि हे सारे विचार जागा होण्याच्या आधीच उरकते. या क्रियेचा एक गुण असा की, ती सरावाने बोथट होते. तोच डबा दहा वेळा पडला तर अकराव्या वेळी आपण मान वळवून कोणी पाडला ते पाहतो. पुष्कळसे भयपट या दचकण्यावरच चालतात. रामसे बंधूंचे ‘दो गज जमीन के नीचे’ १९७२ साली आले, ‘पुराना मंदिर’ १९८४ साली आले, ‘वीराना’ १९८८ साली आले. त्या काळच्या तरुणांनी ते आरडाओरडा करीत, शिट्ट्या मारीत पाहिले. हवेली, धुके, चिरका आवाज, लांब नखे: या गोष्टी पुढे पुढे इतक्या ओळखीच्या झाल्या की भूत पडद्यावर आले की पाहुणा वेळेवर आला असेच लोकांना वाटे. अशा भयाचा शेवट हास्यात होतो. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू १९९३ साली आला, तो महाराष्ट्राने पोट धरधरून पाहिला.

म्हणजे सरावलेल्या प्रेक्षकाने काय कमावलेले असते? भयपटाचे व्याकरण. कोणत्या पदानंतर कोणते पद येणार, हे त्याला ठाऊक असते. त्याला घाबरवायचे तर त्या व्याकरणाच्या खाली उतरावे लागते.

आपल्या वऱ्हाडात याचा एक फार चांगला दाखला आहे. रात्री शेतात जागल करणारा शेतकरी हा अंधाराचा दर्दी असतो. रानडुकरांचा कळप हरभऱ्यात शिरला, रोही तुरीत घुसले, तर त्याला भीती वाटत नाही, राग येतो. घुबड ओरडले तर तो कूस बदलतो. पण रातकिड्यांची अखंड किरकिर चालू असताना ती एकाएकी थांबली, तर तो उठून बसतो. काही घडलेले नसते. जे चालू असायला हवे ते थांबलेले असते, एवढेच. गोंगाटाला सरावलेला माणूस शांततेने जागा होतो. सरावाला असा एक मागचा दरवाजा असतो आणि उत्तम भयपट त्याच दरवाजाने आत येतो.

यातले पहिले साधन म्हणजे न दाखवणे. १९४९ साली बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ आला. कमाल अमरोही यांचे दिग्दर्शन, अशोककुमार आणि मधुबाला हे नायक-नायिका, खेमचंद प्रकाश यांचे संगीत. त्यात रक्त नाही, नखे नाहीत. एका ओसाड वाड्यात नायक येतो, तिथे जुन्या मालकाची तसबीर असते आणि ती हुबेहूब त्याच्यासारखी असते. मग लांबून गाणे ऐकू येते. ‘आयेगा आनेवाला’ हे गाणे ध्वनिमुद्रित करताना लता मंगेशकर सुरुवातीच्या ओळी गात गात दुरून ध्वनिक्षेपकाकडे चालत आल्या, ही हकीकत त्यांनी स्वतः सांगितली आहे. गाणारी दिसत नाही, आवाज मात्र जवळ येत असतो. शेवटी उलगडा होतो, की भूत वगैरे काही नव्हते, ती माळ्याची मुलगी होती. हिशेब पुरा झाला, तरी तो आवाज मनातून निघत नाही. पडद्यावरचे भूत उलगडले, पण ऐकणाऱ्याने स्वतः जे कल्पिले ते कोण उलगडणार? दिग्दर्शकाने दाखविलेल्या भुताची उंची-रुंदी ठरलेली असते. आपण कल्पिलेल्या भुताला माप नसते, आणि ते आपल्याच मापाने बेतलेले असल्यामुळे आपल्याला बरोबर बसते.

पश्चिमेकडेही हेच दिसते. १९७५ सालच्या ‘जॉज’ या चित्रपटासाठी केलेला यांत्रिक शार्क मासा खाऱ्या पाण्यात वारंवार बिघडू लागला, म्हणून स्टीव्हन स्पीलबर्ग यांना तो फारसा दाखवता आला नाही, आणि न दिसणाऱ्या माशानेच लोकांना समुद्राचे भय घातले. ध्वनीचे तर विचारूच नका. हिचकॉकच्या १९६० सालच्या ‘सायको’त बर्नार्ड हर्मन यांनी केवळ तंतुवाद्यांतून जी किंकाळी काढली, ती कानात शिरते तेव्हा वाद्य वाजते आहे असे वाटतच नाही. संकटात सापडलेल्या प्राण्याच्या आरोळीत स्वर फाटतो, तुटतो, बेताल होतो. २०१० साली अमेरिकेत डॅनियल ब्लुमस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक चित्रपटांच्या ध्वनिपट्ट्या तपासल्या, तेव्हा तसलेच फाटके आवाज चित्रपटवाले प्रसंग पाहून वापरतात असे त्यांना आढळले. डोळा मिटता येतो, कानाला पापणी नाही.

दुसरे साधन याहून खोल आहे. ते म्हणजे ओळखीचे अनोळखी करणे. फ्रॉइडने १९१९ साली या विषयावर एक निबंध लिहिला. त्याने जर्मन भाषेतल्या एका शब्दाचा मागोवा घेतला. त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘घरचे, आपले’ असा, आणि त्याच अर्थाच्या कडेला ‘झाकलेले, गुप्त’ असाही अर्थ लपलेला. त्याचे म्हणणे असे की, अंगावर खरा काटा आणते ते परके नसते. जे एकदा आपले होते आणि दडपले गेले, ते परत येते, तेव्हा काटा येतो. हे कळायला आपल्याला जर्मन भाषेची गरज नाही. आपल्याकडे ‘चकवा’ हा शब्द आहे. माणूस रोजच्या पायवाटेने घरी निघतो, वाट ओळखीची, झाडे ओळखीची, पण घर येत नाही. रात्रभर चालतो आणि पहाटे पाहतो तो आपल्याच शेताच्या धुऱ्यावर उभा. चकव्याच्या गोष्टीत दात-नखे असलेले कोणी नसते. तिच्यातले भय एवढेच, की ज्या वाटेवर मी डोळे मिटून चालत होतो, त्या वाटेनेच मला फसविले.

म्हणून हवेलीतल्या भुतापेक्षा घरातले भूत वाईट. हवेली सोडून परत येता येते. रामगोपाल वर्मा यांनी २००३ साली ‘भूत’ काढला, तेव्हा त्यांनी वाडा मोडला आणि भूत मुंबईच्या एका उंच इमारतीतल्या बिऱ्हाडात आणून बसविले. गाणी काढून टाकली. नवरा, बायको, उद्वाहक, पहारेकरी, मोलकरीण, एवढाच संसार. चित्रपटगृहातून निघालेला माणूस तसल्याच उद्वाहकातून आपल्या घरी जाणार होता. मराठीत रत्नाकर मतकरी यांनी आपल्या गूढकथांतून हेच केले. त्यांचे भय चार भिंतींच्या मध्यमवर्गीय घरात पाटावर बसून जेवते.

आणि घरातही सर्वांत सुरक्षित जागा कोणती? आजीची कूस. इथे मला ‘तुंबाड’ची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिचा एक धागा आपल्या विदर्भातून जातो. राही अनिल बर्वे यांना १९९३ साली एका मित्राने नागझिऱ्याच्या अभयारण्यात नारायण धारपांची एक कथा सांगितली. धारप (१९२५–२००८) म्हणजे मराठी भयकथेचे घराणे. त्यांची ‘आजी’ ही कथा स्टीफन किंग या अमेरिकी लेखकाच्या ‘ग्रॅमा’ या कथेवरून बेतलेली होती. गोष्ट अमेरिकेतून पुण्याच्या लेखकाच्या टेबलावर आली, तिथून वाचकाच्या डोक्यात गेली, तिथून नागझिऱ्याच्या रात्री एका मुलाच्या कानात पडली, आणि पंचवीस वर्षांनी, १२ ऑक्टोबर २०१८ रोजी, ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट होऊन पडद्यावर आली. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून घेतलेले. वाटेत गोष्टीतले जवळजवळ सारे बदलले. टिकून राहिले ते एवढेच: एक लहान मुलगा, एक रात्र आणि घरातली एक भयंकर म्हातारी.

त्या चित्रपटातली म्हातारी साखळदंडाने बांधलेली असते. तिला वेळेवर खाऊ घालावे लागते, झोपवावे लागते. सरावलेला प्रेक्षक अक्राळविक्राळ चेहरे पाहून हसतो, पण इथे त्याला हसता येत नाही. ज्या हाताने घास भरवला त्या हाताची भीती वाटणे, ही भीती त्याच्या सरावाच्या यादीत नसते. शिवाय ज्या घरात अंथरुणाला खिळलेले, भ्रमिष्ट झालेले म्हातारे माणूस आहे आणि ज्याला त्याच्या खोलीत जायला मन धजत नाही, त्याला हे भूत पडद्याबाहेरही ठाऊक आहे. तो ते कोणाला सांगत नाही, एवढेच.

आता तिसरे कारण. आपल्या भुतांना कायदा असतो. मुंजा पिंपळ सोडीत नाही, गिऱ्हा पाण्याबाहेर बळ दाखवीत नाही, हडळीची पावले उलटी असतात. कायदा आहे म्हणजे पळवाट आहे, उतारा आहे. धारपांच्या कितीतरी कथांत समर्थ येतात आणि अरिष्ट निवारतात. वाचकाला शेवटपर्यंत भीती वाटते खरी, पण खाली जाळे बांधलेले आहे हे ठाऊक असलेल्या सर्कशीतल्या पोरीसारखी. सराव म्हणजे त्या जाळ्यावरचा विश्वास. ज्या कथेत हे जाळे काढून घेतले जाते, तिथे दर्दी माणूसही खाली पाहू लागतो.

‘तुंबाड’मध्ये गंमत अशी की कायदे सगळे आहेत. पिठाच्या बाहुल्या, वर्तुळ, हस्तर नावाच्या शापित दैवताची भूक, सोन्याची नाणी: नायक विनायक सारे नियम जाणतो आणि पाळतो. भुताला तो सरावलेला आहे. मग भय कोठून येते? तो सरावाने परत परत त्या विहिरीत उतरतो, त्यातून. पुढे तो आपल्या मुलालाही तोच धंदा शिकवतो. भूत नियमात बसते, लोभ बसत नाही. अखेरीस मुलगा ते सोने नाकारतो, तेव्हा आपण सुटकेचा श्वास टाकतो, पण मनाशी विचारतोही, की मी नाकारले असते काय? हा प्रश्न ज्याच्या मनात आला, त्याचा पंचवीस वर्षांचा सराव त्या क्षणी फुकट गेला.

आता आपण मूळ प्रश्नाच्या गाभ्याशी आलो आहोत. भयाचा अनुभव नकोसा आहे, तरी नाटकातले भय आपण पैसे देऊन का घेतो, हे कोडे आपल्या पूर्वसूरींनी सोडविले आहे. अभिनवगुप्ताने भयानक रसाचे उदाहरण म्हणून ‘शाकुंतला’तले ते पळणारे हरीण घेतले आहे. राजाच्या रथापुढे ते जिवाच्या आकांताने धावते, मान वळवून मागे पाहते. प्रेक्षकाला त्यात भय जाणवते. पण ते भय कोणाचे? हरीण खरे नाही, राजाही खरा नाही. ‘मी भ्यालो’, ‘तो भ्याला’ अशी मालकीच त्या भयावर राहत नाही. भय तेवढे शुद्ध उरते आणि त्याचा आस्वाद घेता येतो. याला भट्टनायकापासून साधारणीकरण म्हणतात. आणि रसाच्या आड येणारी जी विघ्ने अभिनवगुप्ताने सांगितली, त्यांत एक मोठे विघ्न असे की प्रेक्षक ‘हे माझे स्वतःचे आहे’ असे समजून त्यात गुंतून पडतो. हे होऊ नये म्हणून नांदी, पूर्वरंग, मुकुट, रंगवेष ही सारी व्यवस्था. ‘हे नाटक आहे हो,’ अशी ती दवंडी असते.

माझ्या मते सरावलेला प्रेक्षक म्हणजे ज्याच्या मनात ही दवंडी कायमची वाजत असते असा माणूस. तो रसिक आहे, भयाचा आस्वाद घेतो. आणि ज्या चित्रपटाने तो हादरतो, त्या चित्रपटाने ही दवंडी बंद पाडलेली असते. १९९८ सालच्या ‘रिंगू’ या जपानी चित्रपटात दूरचित्रवाणीच्या संचातली बाई सरपटत काचेबाहेर येते. पाहणाऱ्यांपैकी कित्येकजण तो चित्रपट घरी, तसल्याच संचावर पाहत होते. चौकट मोडली. जे साधारण होते ते माझे झाले. रसाच्या दृष्टीने हे विघ्न खरे, पण काही कलावंत हे विघ्न जाणूनबुजून घालतात, कारण त्यांना आपल्याला काही सांगावयाचे असते.

आणि म्हणून शेवटचे उदाहरण मराठीतले घेतो. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ २०१७ साली प्रदर्शित झाला. पूजा सावंत आणि उषा नाईक यांच्या त्यात प्रमुख भूमिका. पुढे २०२१ साली त्यावरून ‘छोरी’ हा हिंदी चित्रपट निघाला. एक गर्भार बाई उसाच्या रानातल्या एका घरात येऊन राहते. उसात लहान मुले खेळताना दिसतात. सरावलेला प्रेक्षक मनाशी म्हणतो, ‘ही भुते.’ बरोबर आहे. त्याचे व्याकरण चुकलेले नाही. पण हळूहळू कळते, की भुतांची भीती बाळगण्याचे कारणच नव्हते. भ्यायचे ते जिवंत माणसांना. मुलगी नको म्हणून जे घरात चालते, ते त्या उसाने पाहिलेले आहे.

इथे भयपट संपतो आणि खानेसुमारी सुरू होते. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, २०११ साली ८९४ राहिल्या. या आकड्याला चेहरा नाही, आवाज नाही, तो वाचून कोणी दचकत नाही. ‘लपाछपी’ने त्या आकड्याला आवाज दिला. चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावर हवेली मागे राहते, हे मागे राहत नाही. ते आपल्या आळीत असते, कदाचित आपल्या उंबऱ्याच्या आत असते. म्हणूनच शेकडो भुते पचविलेला माणूस त्या रात्री झोपत नाही.

कोणी विचारील, अशा चित्रपटांनी अंधश्रद्धा वाढत नाही काय? प्रश्न रास्त आहे. ज्या वऱ्हाडात गाडगेबाबांनी हातात झाडू घेऊन नवस-सायास आणि देवर्षी यांची खिल्ली उडविली, तिथे तो विचारलाच पाहिजे. ‘अमक्या बाईने करणी केली’ या संशयापायी या महाराष्ट्रात माणसे मारली गेली आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. तेव्हा भुतांच्या गोष्टी म्हणजे निव्वळ करमणूक असे मी म्हणणार नाही. मी एक कसोटी सुचवितो. जी गोष्ट संपल्यावर आपण शेजारच्या एकट्या म्हातारीकडे संशयाने पाहू लागतो, ती वाईट गोष्ट. तिने आपले भय दुसऱ्याच्या माथी मारले. जी गोष्ट संपल्यावर आपण आपल्या घराकडे, आपल्या लोभाकडे, आपल्या गप्प बसण्याकडे पाहू लागतो, ती चांगली गोष्ट. तिने भय जिथले होते तिथे आणून ठेवले. भूत दोन्हींत आहे. फरक बोट कोठे रोखले याचा आहे.

सराव ही उपयोगी वस्तू आहे. तिच्यावाचून जागल होत नाही, संसार होत नाही. पण माणूस वाईटालाही सरावतो. मुली कमी होण्याला सरावतो, कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याच्या कण्हण्याला सरावतो, स्वतःच्या हावेला तर फारच लवकर सरावतो. रातकिडे थांबले की जागल्याला जाग यावी, तशी या सरावलेल्या मनाला एखाद्या चित्रपटाने जाग आली, तर त्या भयाचे आपण आभारच मानले पाहिजेत. दर्दी माणसाचे घाबरणे हा त्याचा पराभव नव्हे. आतले काहीतरी अजून बोथट झालेले नाही, याची ती खूण आहे.

घरी जाताना वाट ओळखीचीच आहे, तेव्हा चकवा लागणार नाही. पण वाटेत रातकिड्यांकडे थोडे लक्ष असू द्यावे.